जुळलेला पिवळा

मास्तरांसमोर कुणी नुसतं 'पांढरा' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. पांढरा म्हणजे कुठला, असा त्यांचा लगेच सवाल. निळसर, लालसर, हिरवट, दुधाळ, खडूसारखा, की धुऊन धुऊन कंटाळलेला? कापड रंगवायच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं रंगमास्तर होते. रंगून आलेला कुठलाही लॉट त्यांनी पास म्हटल्याशिवाय गोदामाबाहेर पडत नसे, आणि त्यांनी नापास केलेला लॉट खुद्द मालकांनी रदबदली केली तरी परत हौदात जाई. माणूस कामाला पक्का होता, हे त्यांचे वैरीही कबूल करत. अडचण एवढीच होती की ते स्वतःही दिवसातून चार वेळा कबूल करत.

काम सांगायला सोपं. करड्या रंगाची, पुढून उघडी अशी एक मोठी पेटी, आत ठरावीक उजेडाचे चार दिवे. डाव्या हाताला गिऱ्हाइकाने मंजूर केलेला नमुना ठेवायचा, उजव्या हाताला नव्या लॉटचा तुकडा. मान जरा तिरकी करून बघायचं. जुळला तर पास. या धंद्यात शंका घ्यायची ती तुकड्यावर, नमुन्यावर नाही. नमुना बरोबरच असतो, म्हणून तर तो नमुना. हे मास्तरांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरी जेवताना मीठ कमी आहे असंही ते सरळ म्हणत नसत, "कालच्याशी जुळत नाही" म्हणत.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी रंग मोजायचं यंत्र आणलं आणि ते चालवायला एक बाई नेमल्या. यंत्र तुकड्यावर एकदा लखकन चमके आणि आकडे देई. मास्तर त्या आकड्यांकडे नाक मुरडून बघत. मशीनवाल्या बाईंशी त्यांचं भांडण नव्हतं, बोलणंही फारसं नव्हतं.

मास्तर राहत ती इमारत पाच मजल्यांची. खाली तळघरात पाण्याची टाकी आणि तिला खेटून सांडपाण्याचा नळ. हा नळ इथूनच का नेला, हे तो नेणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात भेटला, तेव्हा मास्तरांनी त्याला थांबवलं, खिडकीकडे वळवलं आणि सांगितलं की तुझ्या डोळ्यांचा पांढरा बिघडलाय. शिंपी हसला. तिसऱ्या दिवशी तो काविळीने अंथरुणाला खिळला. इमारतीने लगेच ठरवून टाकलं की शिंपी चोरून पितो, कारण लिव्हर बिघडतं ते पिणाऱ्यांचं, हे सगळ्यांना माहीत होतं. शिंप्याने जन्मात थेंब घेतला नव्हता. तसं त्याने शपथेवर सांगितलं तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याला चार शब्द सुनावले. सेक्रेटरींच्या स्वतःच्या लिव्हरवर चरबी चढलेली होती, सोनोग्राफीत दिसली होती, पण ती खात्यापित्या घरातली, म्हणून ते बढती मिळाल्यासारखी सांगत.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं की ही कावीळ दारूची नाही, पाण्याची आहे. घाण पाण्यातून विषाणू पोटात जातो, तिथून यकृतात, आणि यकृत सुजलं की पित्ताचा पिवळा रंग रक्तात साठत जातो. तेव्हा पाणी उकळून प्या, टाकी रिकामी करून धुवा, आणि ज्याला थकवा किंवा मळमळ वाटेल त्याने रक्त तपासून घ्या. सेक्रेटरींना यातली एकच गोष्ट पटली नाही, ती म्हणजे सगळंच. टाकी धुवायची म्हणजे दोन दिवस पाणी बंद, आणि दोन दिवस पाणी बंद म्हणजे दोन दिवस शिव्या, त्याही सेक्रेटरींनाच.

मग त्यांना मास्तर आठवले. शिंप्याचं दुखणं डॉक्टरच्याही आधी ओळखलं कुणी? मग सुया कशाला टोचून घ्यायच्या? दर रविवारी मास्तरांनी सगळ्यांचे डोळे बघावेत, झालं. सेक्रेटरींनी त्यांना असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की मास्तरांनी उतरायचं नाव घेतलं नाही.

पहिल्याच रविवारी प्रश्न आला तो नमुन्याचा. तुकडा म्हणजे लोकांचे डोळे, ते ठीक. पण जुळवायचे कशाशी? कारखान्यातलं पांढरं कापड मास्तरांनी आणून बघितलं, पण ओल्या, शिरा असलेल्या डोळ्याशी कोरडं सुती कापड कसं जुळणार? शेवटी जिन्याच्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी त्यांनी खुर्ची मांडली, बायकोचा हातात धरायचा छोटा आरसा घेतला, त्यात स्वतःकडे बघितलं आणि जाहीर केलं, "माझाच डोळा नमुना. एकतीस वर्षांत चुकलेला नाही."

यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. समोरच्या माणसाने खालची पापणी ओढायची, मास्तरांनी त्याच्या गालाशी आरसा धरायचा, एकदा आरशातल्या आपल्या डोळ्याकडे बघायचं, एकदा त्याच्या. त्या रविवारी त्यांनी दोघांना नापास केलं, चौथ्या मजल्यावरच्या विमा एजंटला आणि तळमजल्यावरच्या कुलूपवाल्याच्या आईला. दोघांनाही रक्तात कावीळ निघाली. मास्तरांचा भाव इतका वधारला की ते भाजी आणायला निघाले तरी लोक वाटेत पापणी ओढून उभे राहू लागले. पुढच्या रविवारी एकच जण नापास झाला. तिसऱ्या रविवारी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पास. त्यातले अकरा नमुन्याशी तंतोतंत जुळले आणि बाकीचे बत्तीस तर नमुन्यापेक्षाही सरस निघाले. हे बत्तीस इतके सरस कसे, याचं मास्तरांना क्षणभर नवल वाटलं, मग त्यांनी त्याचंही श्रेय घेऊन टाकलं. सेक्रेटरींनी त्याच दुपारी जिन्याखाली फलक लावला: रंगमास्तरांच्या तपासणीनुसार इमारतीतली साथ संपली असून टाकीची सफाई पुढे ढकलण्यात आली आहे. खाली मास्तरांची ठसठशीत सही.

पाणीही मास्तरांनीच पास केलं होतं. काचेच्या बाटलीत टाकीचं पाणी घेऊन ते कारखान्यात गेले, पेटीत ठेवलं आणि चारही दिव्यांखाली बघितलं. रंगाचा मागमूस नाही. मग उकळायचं कशाला, म्हणून त्यांनी घरात पाणी उकळायला बंदी केली. उकळलेल्या पाण्याला म्हणे भांड्याची करडी झाक येते.

आता या सगळ्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि घरात लेक नसती तर हसून सोडूनही देता आलं असतं. लेक सातव्या महिन्यात होती. जावई जहाजावर कामाला, आणखी दहा आठवडे तरी तो परतायचा नव्हता, म्हणून ती आईवडिलांकडे राहायला आली होती. एकुलती एक, आणि लग्नाला सहा वर्षं झाल्यावर आता कुठे पाळणा हलायची आशा. मास्तरांचा तिच्यावर फार जीव होता, पण तो दाखवायचा कसा हे त्यांना कधी जमलं नव्हतं. ते तिला प्रश्न विचारत आणि उत्तर चुकलं की समाधानाने दुरुस्त करत, एवढीच त्यांची माया. साथ सुरू झाल्यापासून मात्र त्यांना एक काम सापडलं होतं. रोज सकाळी चहाआधी ते तिला खिडकीत उभं करत, आरसा धरत आणि म्हणत, "जुळतोय. पास." दिवसातून तेवढाच वेळ बापलेक एकमेकांच्या डोळ्यांत बघत, आणि दोघांनाही ते आवडे.

दुसऱ्या रविवारनंतर मास्तरांची सिगरेट सुटली. तीस वर्षं रोज दहा ओढणारा माणूस. एका सकाळी पेटवली तर वासानेच पोटात ढवळून आलं. त्यांनी पाकीट कचऱ्यात टाकलं आणि मनाचा निश्चय असला की काय होऊ शकतं हे घरात, जिन्यात आणि कारखान्यात सगळ्यांना ऐकवलं. भूक मेली, ती त्यांनी वयाच्या नावावर घातली. पेटीपुढे उभं राहवेना, तो दोष नव्या चपलांना दिला. दुखणं स्वतःची ओळख द्यायचा जिवापाड प्रयत्न करत होतं, पण मास्तर त्याला बोलू देतील तर ना.

त्याच दिवसांत लेकीचंही अन्नावरचं मन उडालं. बायकोने ते सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले की त्यात काय, मलाही जेवण बघवत नाही, हवाच तशी आहे. लेकीला अंगभर खाज सुटते, असं बायको म्हणाली, तर साबण बदला म्हणाले. तिची लघवी काळ्या चहासारखी होते, असं बायकोने दबक्या आवाजात सांगितलं, तेव्हा त्यांनी ताकदीच्या गोळ्यांची बाटली उचलून दाखवली. गोळ्या लाल आहेत, रंग तिथून उतरतो, हा रंगाचा मामला आहे, तू त्यात पडू नकोस. बायको बत्तीस वर्षं कधी पडली नव्हती. त्या दिवशी मात्र म्हणाली की तो आरसा ठेवा बाजूला आणि पोरीला डॉक्टरकडे नेऊ या. मास्तरांना ते फार लागलं. आख्खी इमारत ज्याच्या नजरेवर विसंबून, त्याला घरात कवडीची किंमत नसावी, हे त्यांना सहन होईना. दुसऱ्या सकाळी त्यांनी लेकीला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ खिडकीत उभं ठेवलं. डावा डोळा, उजवा डोळा, परत डावा. इतकं तंतोतंत जुळलेलं त्यांनी कारखान्यातही क्वचितच बघितलं होतं, आणि तसं ते बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालेही. लेक आत जाऊन पडली.

त्याच दिवशी कारखान्यात हॉस्पिटलच्या चादरींचा लॉट आला. पांढरा म्हणजे मास्तरांचं राखीव कुरण. ते पेटीत मान घालून बघत होते आणि मशीनवाल्या बाई आकड्यांचा कागद घेऊन शेजारी उभ्या होत्या. मास्तरांनी मान वळवली ती पेटीतल्या दिव्यांखालीच, आणि बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. कागद खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचे डोळे पिवळे झालेत."

मास्तरांना हसू आलं. त्यांनी धंद्यातला प्रश्न विचारला. "कुठला पिवळा? हिरवट का लालसर?"

"ते मला नाही सांगता येणार. पण पिवळे आहेत. बरेच."

"उजेड कुठला लावलाय?"

"तुमचाच."

बाईंनी आपल्या मोबाइलचा कॅमेरा उलटा करून त्यांच्यापुढे धरला. मास्तरांनी सवयीने चादरीचा मंजूर नमुना उचलून डोळ्याशेजारी लावला, पडद्यावर बघितलं, मान तिरकी केली. "हिरवट," त्यांच्या तोंडून आपसूक निघालं.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा नमुनाच नापास झाला होता. पुढचं सगळं मास्तरांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही, तो त्यांचा रोजचाच विषय होता. जे पिवळ्याशी जुळतं ते पिवळं असतं. रविवारचे बत्तीस नमुन्यापेक्षा सरस निघाले, कारण ते धडधाकट होते. जे अकरा जुळले ते आजारी होते. आणि लेक. लेक आज सकाळी जुळली होती, काल जुळली होती, गेल्या मंगळवारपासून रोज जुळत होती, आणि दिवसागणिक जास्तच जुळत होती. नमुना तसाच टाकून ते निघाले. हा लॉट कोण पास करणार, असं बाईंनी मागून विचारलं, तर "तुम्हीच करा" म्हणाले. ते ऐकून बाईंची खात्री पटली की मास्तर फारच आजारी आहेत.

घराला कुलूप होतं. दुसऱ्या मजल्यावर शिंपी दारात खुर्ची टाकून बसला होता, नुकताच हिंडूफिरू लागलेला. त्याने सांगितलं की वहिनी पोरीला घेऊन हॉस्पिटलात गेल्या. पोरीला जिना उतरवत नव्हता, त्यानेच हात दिला. मास्तरांना फोन करू का, असंही त्याने विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या की नको, ते आधी आरसा आणतील.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई लेकीपेक्षाही लहान असतील. रिपोर्ट त्यांच्या हातात होता. हिपॅटायटिस ई, त्या म्हणाल्या, पाण्यातून येणारी कावीळ. इतर लोक दोन-चार आठवडे पडून राहिले की बहुतेक आपोआप बरे होतात, वेगळं औषधही लागत नाही. पण पोटुशी बाई असेल, त्यातून शेवटचे तीन महिने लागले असतील, तर हीच कावीळ यकृत एकाएकी बंद पाडू शकते. मग रक्त गोठत नाही, गुंगी मेंदूपर्यंत चढते, आणि आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. हिचं रक्त गोठायला आत्ताच उशीर लागतोय. पुढचे चार-पाच दिवस सांगतील ते खरं. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं की डोळ्यांना पिवळेपणा कधीपासून आहे.

बायकोने मास्तरांकडे न बघता उत्तर दिलं. "यांना विचारा. हे रोज बघत होते."

"रोज जुळत होता," मास्तर म्हणाले.

"कशाशी?"

मास्तरांनी बोट आपल्या डोळ्याकडे नेलं. डॉक्टरबाई जवळ आल्या, त्यांनी मास्तरांची खालची पापणी ओढून बघितली आणि नर्सला सांगितलं की यांचंही रक्त घ्या. मास्तरांनी निमूट बाही वर केली. तेव्हा बायकोने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं आणि तिचा राग आणखीच वाढला, कारण आता तिला या माणसाची काळजीही करावी लागणार होती.

इमारतीत आणखी कुणी गरोदर आहे का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. होती. तिसऱ्या मजल्यावरची शाळाशिक्षिका, पाचवा महिना, रविवारी तंतोतंत जुळलेली. फोन करा, त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले की पास समोर उभं राहून केलंय, तेव्हा नापासही समोर उभं राहूनच करायला हवं. तुम्हीच पडून राहायला हवं, असं डॉक्टरबाई सांगत होत्या तोवर ते जिन्यापर्यंत पोचले होते.

शिक्षिकेने दार उघडलं तेव्हा मास्तरांना धाप लागली होती. त्यांनी सांगायचं ते सांगितलं: माझे डोळे पिवळे आहेत, म्हणजे तुमचेही आहेत, मी चुकलो, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा. ती घाबरली, पण तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. "तुमचे डोळे मला रविवारीच पिवळे दिसले होते," ती चपला शोधत म्हणाली. "पण तपासणारे तुम्ही. म्हटलं, तुम्हाला माहीत असेल."

मास्तर अकराही दारांवर गेले. प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबायचे, श्वास घ्यायचे, पुढच्या दारावर जायचे. विमा एजंटच्या बायकोलाही त्यांचे डोळे दिसले होते, तिला तो आपल्याच चष्म्याच्या काचांचा रंग वाटला. पाचव्या मजल्यावरच्या बँकेतल्या साहेबांना वाटलं, रंगात हात घालून घालून चढला असेल थोडा. कुलूपवाला सगळ्यांत प्रामाणिक. त्याने सांगितलं की मी बोलणार होतो, पण म्हटलं, उगाच बोललो तर मलाच नापास करतील. अकरापैकी नऊ दारांवर हेच ऐकायला मिळालं. आठवडाभर आख्खी इमारत पिवळ्या डोळ्यांच्या माणसापुढे पापण्या ओढून उभी राहत होती आणि मूग गिळून गप्प बसत होती. मास्तरांना त्यांच्यावर चिडताही येईना.

शेवटी त्यांनी जिन्याखालचा फलक काढला आणि सेक्रेटरींच्या दारात जाऊन त्यांच्या हातात दिला. टाकी आजच्या आज रिकामी करा, म्हणाले. सेक्रेटरींनी फलक उलटसुलट करून बघितला, टाकीचं बघू म्हणाले, आणि मग जरा जवळ सरकून, आवाज उतरवून म्हणाले की मास्तर, आता आलाच आहात तर एकदा बघूनच टाका. आणि त्यांनी पापणी ओढली.

"रक्त तपासा," मास्तर म्हणाले आणि वळले. शेजारधर्म म्हणून काही राहिलाच नाही, असं सेक्रेटरी मागून बोलत होते.

टाकी दुसऱ्या दिवशी रिकामी झाली, शिंप्याने आणि शिक्षिकेच्या नवऱ्याने आरडाओरडा केला म्हणून. तळाशी जे निघालं त्याचा रंग कुठला, हे कुणी मास्तरांना विचारायला गेलं नाही.

मास्तरांना पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं होतं. त्यांचं यकृत सुजलं होतं, पण आपलं काम करत होतं. मास्तरांपेक्षा ते जास्त जबाबदार निघालं. दुपारी सलाईन संपली की ते भिंत धरत लेकीच्या खोलीपर्यंत जात आणि बाहेरच्या बाकावर बसत. आत जायची त्यांना हिंमत होत नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी लेकीला वार विचारला, तर तिने बराच वेळ घेऊन चुकीचा सांगितला. दार उघडं होतं, मास्तरांनी ते ऐकलं. आयुष्यभर तिचं प्रत्येक चुकलेलं उत्तर त्यांनी दुरुस्त केलं होतं, हे एक तसंच राहिलं. त्यांना भीती वाटत होती, लहान मुलासारखी उघडी भीती, आणि ती लपवायलाही त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. तिसरा दिवस तसाच गेला. चौथ्या दिवशी रक्त गोठायचा वेळ किंचित उतरला, पाचव्या दिवशी चांगलाच उतरला. लेकीने स्वतःहून पाणी मागितलं, तारीख बरोबर सांगितली, वर जावयाचं जहाज कुठल्या बंदरावर असेल तेही सांगितलं. बाळाचे ठोके नीट होते. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या की धोका टळला. मास्तर बाकावरच हुंदके देऊन रडले, आणि शेजारी बसलेल्या बायकोने त्यांना रडू दिलं.

सहाव्या दिवशी दुपारी बायको आंघोळीला घरी गेली, आणि मास्तर पहिल्यांदा आत गेले. लेक उशीला टेकून बसली होती. चेहरा ओढलेला, डोळे अजून पिवळेच, पण नजर जागेवर. मास्तरांनी खुर्ची ओढली, पाण्याचा पेला उगीच इकडचा तिकडे केला. बोलायला सुरुवात तिनेच केली.

"बाबा, तुम्ही स्वतःला फार लावून घेऊ नका. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"न्हाणीघरातल्या आरशात माझे डोळे दिसत होते ना मला. तुमचेही दिसत होते, रोज सकाळी, एवढ्या जवळून. म्हटलं, बाबांच्या नजरेतून एवढं सुटायचं नाही. तुम्हाला कळलंय, पण मी घाबरू नये म्हणून तुम्ही रोज पास म्हणताय. वेळ आली की तुम्हीच न्याल मला. म्हणून मीही बोलले नाही. बोलले असते तर तुमचा धीर सुटला असता."

तिने त्यांचा हात हातात घेतला. ती हसत होती, दमलेलं, पण मनापासूनचं हसू. मास्तरांच्या ध्यानात आलं की एवढे दिवस ती हे जपून होती. ज्या बापाने कधी मायेचा शब्द काढला नाही, तो आपल्यासाठी रोज सकाळी खोटं बोलतो, आणि तेही इतक्या सराईतपणे. त्या बापाला सांभाळायला म्हणून ती अंग जळत असताना गप्प राहिली होती.

तो बाप फार चांगला होता. मास्तरांनी नुसती मान हलवली असती तरी तो त्यांचा झाला असता. बायकोलाही कधी कळलं नसतं. मान हलवावी, असं त्यांना वाटलंही. थोडी हललीही असेल.

"नाही ग," ते म्हणाले. "मला दिसलंच नव्हतं."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. आधी तिला ते खोटं वाटलं, मग वाटेना. तिने हात काढून घेतला नाही, पण तो सैल झाला, आणि दुसरा हात पोटावर गेला.

"म्हणजे मी उगीचच गप्प बसले," ती म्हणाली.

मास्तर हो म्हणाले.